८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकतोय, स्वॅप किती ठेवू? की रॅम १६ केली तर स्वॅप लागतच नाही?

स्वॅप, म्हणजे रॅम भरली की सामान ठेवायला डिस्कवर राखलेली जागा, ती ठेव भावा. ८ जीबीला ४ जीबी ठेव, रॅम १६ केलीस तरी ४ ते ८ ठेव, आणि हायबरनेट (रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून मशीन बंद करणं) वापरणार असशील तरच रॅमएवढा किंवा थोडा जास्त. उत्तर एवढंच आहे खरं तर. पण तू लिहिलंयस की कॉलेजचे सर म्हणतात रॅमच्या दुप्पट पाहिजे आणि रूममेट म्हणतोय १६ जीबी झाली की स्वॅप उडवून टाक, त्यातलं रूममेटचं वाचलं आणि गप्प बसवेना. हेच वाक्य मी आमच्या घरात प्रत्येक सणाला ऐकत आलोय आणि त्याच्यापायी आमच्या दुकानातला एक जॉब हातातनं जायची वेळ आली होती.

आधी सरांचं बघू, ते लवकर मिटतंय. दुप्पटचा नियम सरांनी मनानं काढलेला नाही. रॅम ६४ एमबी, १२८ एमबी असायची त्या काळातला हिशोब आहे तो, आणि २००१ ला लिनक्सचं २.४ कर्नल (त्याचा गाभा) आलं तेव्हा त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत एखादं पान, म्हणजे मेमरीचा छोटा तुकडा, स्वॅपमधनं परत रॅममध्ये आलं तरी त्याची स्वॅपमधली जागा अडकूनच राहायची, त्यामुळं दुप्पट नसला तर स्वॅपचा खरंच फारसा उपयोग व्हायचा नाही. ते कधीच सुधारलं. रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या गाईडमध्येसुद्धा २ जीबीपर्यंत रॅमला दुप्पट, २ ते ८ ला रॅमएवढा आणि त्याच्यावर ६४ पर्यंत किमान ४ जीबी असं दिलंय. सरांना मान दे, पण ३२ जीबीच्या मशीनवर ६४ जीबी स्वॅप म्हणजे २५६ च्या एसएसडीचा पाव भाग विनाकारण अडकवणं.

आता रूममेटचं.

आमचं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पॅटर्नचं दुकान आहे, पॅटर्न म्हणजे ओतकामाचा साचा ज्याच्यावरनं करतात तो नमुना. फौंड्रीवाल्यांना पॅटर्न आणि कोअरबॉक्स (आतल्या पोकळीचा साचा) करून द्यायचे. वडील सगळं सागवानात हातानं करायचे, मी फ्रीकॅड या फुकट सॉफ्टवेअरवर डिझाईन करून राऊटरवर (लाकूड कोरायच्या मशीनवर) काढतो, लहान भाग थ्रीडी प्रिंट करतो. लिनक्स पहिल्यापासनं, कारण महागड्या सॉफ्टवेअरचं लायसन्स आमच्या धंद्याला परवडत नाही आणि चोरीचं मला टाकायचं नव्हतं. आधी २ जीबीचं एक जुनं मशीन होतं, त्याच्यावर स्वॅपच्या जिवावर मी डिझाईनं केलीत, त्यामुळं स्वॅप काय काम करतो हे मला पुस्तकातनं कळलेलं नाही.

नवीन मशीन घेतलं, १६ जीबीचं, तेव्हा दाजी दिवाळीला आले होते. दाजी पुण्याला एका कंपनीत सर्व्हर सांभाळतात, हुशार माणूस आहे, त्यात वाद नाही. त्यांनी हौसेनं मिंट टाकून दिलं आणि सगळं झाल्यावर एफएसटॅब, म्हणजे मशीन चालू होताना कुठली डिस्क, कुठला स्वॅप लावायचा ते लिहिलेली फाईल, उघडून स्वॅपची ओळ खोडली, स्वॅपफाईल पण उडवली. मी म्हटलं दाजी राहू दे की, चार जीबीनं काय बिघडतंय. तर म्हणाले, "अरे १६ जीबी आहे, स्वॅप म्हणजे मशीन स्लो करायचा धंदा, आमच्या एकाही सर्व्हरवर नसतो, आणि एसएसडी झिजते ती वेगळीच." ताई बाजूलाच बसलेली, आई चहा घेऊन आलेली, पाहुण्या माणसाशी किती वाद घालायचा. गप्प बसलो.

पुढं शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीकडनं जुन्या पंपाच्या केसिंगचं काम आलं. ड्रॉइंग नाही, पार्ट तेवढा हातात. त्यांनी तो स्कॅन करून घेतलेला, त्याची एसटीएल फाईल आली, त्यात काही लाख त्रिकोण, त्या जाळीला मेश म्हणतात. आता ज्यांनी फ्रीकॅड वापरलंय त्यांना माहीत आहे, मेशचं शेप करायचं आणि शेपचं सॉलिड करायचं म्हणजे रॅम कशी खात जाते. त्रिकोण कमी करून हलकं करता येतं, पण पंपाच्या व्होल्यूटचा (पाणी फिरवणाऱ्या गोल पोकळीचा) कर्व्ह आहे तो, तिच्या तोंडाशी असलेल्या जिभेजवळ जरा जरी सपाट झाला तर पंपाचं प्रेशर बदलतंय. तिथं मी हात लावणार नव्हतो.

संध्याकाळी कमांड दिली. रॅम १०, १२, १४ करत चढत गेली, माऊस आधी झटके देत चालला, मग थांबला. पॅनेलवरचं घड्याळ ६:४० वर अडकलं. कंट्रोल ऑल्ट एफ३ दाबून टर्मिनल उघडायला गेलो तर काळा पडदा, लॉगिनची ओळसुद्धा उमटेना. आणि कॅबिनेटवरचा डिस्कचा लाल दिवा, जो एरवी लुकलुकतो, तो सलग पेटलेला. तो दिवा लक्षात ठेव, सगळं उत्तर त्याच्यातच आहे. स्वॅप नाही म्हटल्यावर डिस्कवर एवढं काय चाललंय? त्यात फौंड्रीतनं फोन, उद्या मोल्डिंगला घ्यायचंय म्हणून. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरून बंद केलं, परत चालू केलं, परत केलं, परत तिथंच अडकलं. दाजींना फोन लावला तर म्हणाले रॅम ३२ कर. कोल्हापुरात रात्री आठ वाजता रॅम कुठं मिळणार, आणि दोन्ही स्लॉट भरलेले, म्हणजे आहे ती काढून ठेवून नवीन दोन घ्यायच्या.

मग मी मला करायचं होतं ते केलं. डीडी कमांडनं १६ जीबीची फाईल केली, परमिशन ६००, मग एमकेस्वॅप आणि स्वॅपॉन या कमांडनं तिचा स्वॅप करून चालू केला, एफएसटॅबमध्ये ओळ परत लिहिली. दहा मिनिटांचं पण काम नाही, रीस्टार्टसुद्धा लागत नाही. परत तीच फाईल, तीच कमांड. शेजारी टर्मिनलमध्ये मेमरीचे आकडे दाखवणारं व्हीएमस्टॅट चालू ठेवलं, दर सेकंदाला एक ओळ. त्यात एसओ नावाचा रकाना असतो, किती बाहेर टाकतंय त्याचा, आणि एसआय, किती परत आत आणतंय त्याचा. एसओचे आकडे पळायला लागले, एसआय मात्र बराच वेळ शून्याच्या आसपास. म्हणजे जे बाहेर टाकलं ते कुणी परत मागतच नव्हतं. माऊस जड झाला पण चालत होता, मी दुसऱ्या विंडोत बघत होतो. स्वॅप ७ जीबीच्या वर गेला, आणि रात्रीत सॉलिड झालं. त्याच्यावर श्रिंकेज अलाउन्स, ड्राफ्ट, कोअरप्रिंट असं पॅटर्नला लागणारं सगळं लावून सकाळी राऊटरला फाईल गेली.

तर तो लाल दिवा का पेटला होता? रॅममध्ये ढोबळमानानं दोन जातीची पानं असतात. एक, जी डिस्कवरच्या फाईलमधनंच आलीत, प्रोग्रॅमचा कोड, लायब्ऱ्या, उघडलेल्या फाईलींचा कॅश. दुसरी, प्रोग्रॅमनं चालता चालता तयार केलेला डेटा, ज्याची दुसरीकडं कुठं प्रत नाही. आमच्या दुकानातलंच सांगतो. ड्रॉइंगचा प्रिंट टाकून दिला तरी चालतंय, फाईल आहे, परत काढता येतो. पण गिऱ्हाईकाचा पॅटर्न टाकून देता येत नाही, तो एकच असतो, मग ज्याची वर्षभर ऑर्डर नाही तो आपण माळ्यावर ठेवतो. स्वॅप म्हणजे तो माळा. माळाच काढून टाकला तर पॅटर्न सगळे खालीच टेबलावर पडून राहणार, आणि जागा करायची म्हटली की ज्या ड्रॉइंगवर आत्ता काम चाललंय तेच प्रिंट फाडायचे आणि दर मिनिटाला परत काढायचे.

माझ्या मशीनवर नेमकं हेच चाललं होतं. सकाळपासनं न बघितलेले ब्राउझरचे टॅब रॅममध्ये तसेच बसून, कारण त्यांना ठेवायला दुसरी जागाच नाही, आणि कर्नल फ्रीकॅडचा, डेस्कटॉपचा, अगदी माऊस हलवणारा कोड रॅममधनं काढत होतं आणि पुढच्याच क्षणी डिस्कवरनं परत वाचत होतं. रॅमला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, एसएसडीला त्याच्या हजारपटीच्या घरात, जुन्या हार्डडिस्कला लाखपट. लोक म्हणतात स्वॅप नसला की ओओएम किलर (मेमरी संपली की कर्नलनं प्रोग्रॅम बंद पाडायची सोय) येतो, जड प्रोग्रॅम मारतो आणि मोकळं होतं. नेहमी नाही येत रे लवकर. थोडी थोडी पानं मोकळी होत असतात तोपर्यंत कर्नलला वाटतंय चाललंय की काम, आणि आपण पडद्याकडं बघत बसायचं.

दाजींचं म्हणणं कुठनं आलंय ते पण मला माहीत आहे. त्यांच्याकडं कुबरनेटिस आहे, म्हणजे बऱ्याच सर्व्हरवर कंटेनरमधले (वेगळ्या डब्यात बांधलेले) प्रोग्रॅम सांभाळणारी सिस्टीम, आणि त्यात बरीच वर्षं स्वॅपला सपोर्टच नव्हता, स्वॅप चालू दिसला की कुबलेट, म्हणजे त्याचा प्रत्येक मशीनवर चालणारा भाग, सुरूच व्हायचं नाही. तिथं प्रत्येक कंटेनरला मेमरी मोजून दिलेली असते, एक मेला तर दुसरा उठतो, दुसऱ्या मशीनवर उठतो. बरोबर आहे तिथं. माझ्या टेबलावर एकच फ्रीकॅड आहे आणि ते मेलं तर परत उठवणारा मीच. सर्व्हरचा नियम दुकानात आणि लॅपटॉपवर लावायचा नसतो, एवढंच मी त्यांना सांगत आलोय, आणि ते अजून म्हणतात "तुझा मेश जड होता".

एसएसडी झिजण्याचं तर हिशोबानं बोलू. २५० जीबीच्या चांगल्या एसएसडीला कंपन्या १५० टीबी लिहिण्यापर्यंत वॉरंटी देतात. रोज २० जीबी नुसता स्वॅप लिहिला, आणि एवढा रोज तुझा होणारच नाही, तरी ७५०० दिवस निघतात, म्हणजे २० वर्षं. त्याच्या आधी लॅपटॉपची बिजागरी तुटेल. आणि तुझा स्वॅप खरंच रोज २० जीबी लिहित असेल तर तुला रॅम कमी पडतीय, एसएसडीची काळजी नंतर कर.

रॅमचं म्हणशील तर पैसे असतील तर १६ कर, यात दुमत नाही. स्वॅप रॅमची जागा घेत नाही. पण आधी बघ कमी पडतीय का. फ्री कमांडमध्ये फ्रीचा रकाना बघून घाबरू नको, तो कायम कमीच असणार, कारण लिनक्स रिकामी रॅम कॅशला वापरतं. अव्हेलेबलचा रकाना बघ. तुझी नेहमीची सगळी कामं उघडी असताना तो दीड-दोन जीबीच्या खाली जात असेल किंवा एसआय-एसओ दोन्ही एकदम सतत पळत असतील तर रॅम घे. एकटा एसओ हलला किंवा स्वॅपमध्ये एक जीबी पडून आहे म्हणून काही होत नाही. घेताना लॅपटॉपला मोकळा स्लॉट आहे का बघ, आजकाल बऱ्याच मॉडेलात रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते, तिथं प्रश्नच मिटला. स्लॉट असेल तर आहे त्याच्या जोडीला दुसरी ८ ची लाव, ड्युअल चॅनेल मिळतं, म्हणजे दोन्ही एकदम वापरल्या जातात.

स्वॅपिनेस (कर्नलनं स्वॅप किती सहज वापरायचा त्याचा आकडा) १० करा असं जिथं तिथं लिहिलेलं असतंय. नको करू. डिफॉल्ट ६० आहे, एसएसडीवर ते ठीक आहे, १० केलंस की परत तेच, माळा आहे पण वापरायचा नाही. एसएसडी नसून जुनी हार्डडिस्क असेल तर झेडरॅम लाव, ते रॅममध्येच दाबून बसवतं, डेटा बऱ्याचदा निम्म्यात किंवा त्याहून कमी जागेत मावतो. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सनं तर २०२० पासनं, ३३ व्या आवृत्तीत, तेच डिफॉल्ट केलंय. झेडरॅमबरोबर मात्र स्वॅपिनेस १०० किंवा वर चालतो, ५.८ कर्नलपासनं २०० पर्यंत देता येतो.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. स्वॅप वेगळं पार्टिशन करायची गरज नाही, फाईल बास आहे, लहान-मोठी करता येते. पण डिस्कची फाईलसिस्टीम बीटीआरएफएस ठेवणार असशील तर फाईल साध्या पद्धतीनं चालत नाही, कॉपी ऑन राईट (बदल जुन्या जागी न लिहिता नवीन जागी लिहिणं) बंद करून करावी लागते, त्यापेक्षा ईएक्सटी४ ठेव. हायबरनेटला स्वॅपफाईलचा ऑफसेट (डिस्कवर ती कुठं सुरू होते तो आकडा) बूटच्या ओळीत द्यावा लागतो, आणि सिक्युअर बूट (सही नसलेली सिस्टीम चालू होऊ न देणारी सेटिंग) चालू असेल तर बहुतेक वेळा हायबरनेट होतच नाही, त्यामुळं त्याच्यासाठी १०-१२ जीबी अडकवायच्या आधी ते बघून घे. आणि एखाद्या प्रोग्रॅमला मेमरी लीक असेल, म्हणजे तो घेतलेली मेमरी सोडतच नसेल, तर मोठा स्वॅप तुला वाचवणार नाही, नुसतं मरण लांबवेल, म्हणून मी ८ जीबीला ४ म्हणतोय, १६ नाही. माझ्याकडं १६ ची फाईल आहे ती त्या मेशच्या कामापुरती, तुझं तसलं काम नसेल तर नको.

लॅपटॉपचं मॉडेल खाली लिही, स्लॉट आहे का नाही ते सांगतो.