‘ग्रीन ठेव’ म्हणून सही केली, निघाली पॉलिसी

प्रश्न: मी डिचोलीचा, वय 61. खाण कंपनीतून निवृत्त झालो, 20 लाख हाती आले. मुलगे कमावते आहेत, कर्ज नाही. पर्यावरणपूरक गुंतवणूक वाढणार असं सगळीकडे वाचतो. म्हणून 6 लाख एखाद्या म्युच्युअल फंड कंपनीच्याच शेअरमध्ये घालू का? 3 लाख बँकेत ‘ग्रीन’ ठेवीत सुरक्षित आहेत. तिचे कागद चवथीच्या आदल्या दिवशी पोस्टाने आले, ते जोडले आहेत.

उत्तर: शेअरचं मागाहून बघू. हे कागद ठेवीचे नाहीत, युलिप पॉलिसीचे आहेत, म्हणजे विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र. वर्षाला 3 लाख हप्ता, 10 वर्षं. थोडक्यात, हातात 20 लाख असताना तुम्ही 30 लाख भरायचं कबूल करून बसलात. बँकांच्या खऱ्या हरित ठेवी असतात, रिझर्व्ह बँकेचे त्यांचे नियम 1 जून 2023 पासून लागू आहेत. पण ठेवीला पुढचा हप्ता नसतो. इथे हिरवं आहे ते फक्त फंडाच्या पर्यायाचं नाव.

लाभाच्या तक्त्यात ‘मॉर्टॅलिटी चार्ज’चा, म्हणजे विम्याच्या संरक्षणासाठी कापल्या जाणाऱ्या पैशांचा रकाना बघा. तुमच्या वयाला 30 लाखांच्या विम्यापायी पहिल्याच वर्षी 30 हजारांच्या घरात जातात. हा विमा कोणासाठी?

पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवस ती परत करता येते. दिवस सहीपासून नाही, कागद मिळाल्यापासून मोजतात, म्हणून पोस्टाचं पाकीट टाकू नका. त्यावरची तारीख हाच तुमचा पुरावा. उद्याच विमा कंपनीला ‘फ्री-लूक’ रद्दीचा अर्ज द्या, पोच घ्या, ईमेलही करा. ‘साहेब, एक वर्ष थांबा’ असं बँकेतला माणूस म्हणेल. थांबू नका. मुदत हुकली तर पैसे पाच वर्षं अडकतात, आणि हप्ता बंद केल्यावर ते ज्या फंडात जातात तिथे किमान 4 टक्क्यांचीच हमी. कंपनीने नकार दिला किंवा 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे तक्रार करा. गोव्यासाठी कार्यालय मुंबईला, फी नाही.

आता शेअर. समजा कंपनीकडे लोकांचे 1 लाख कोटी आहेत आणि शंभराला 45 पैसे तिच्या पदरात पडतात: 450 कोटी. तिचा हरित फंड 1,000 कोटींचा, त्यावर 80 पैसे: 8 कोटी. दोन टक्केही नाहीत. त्यातही काही पैसा तिच्याच जुन्या योजनांतून सरकलेला. उलट सेबीने, म्हणजे बाजाराच्या नियामकाने, फी कमी करायला लावली आणि एकूण पैशावर 2 पैसे घटले, तर 20 कोटी गेले. हरित गुंतवणूकदार पडत्या बाजारातही टिकून राहतात असं आकड्यांत दिसलं, तरच जास्त भाव द्यायला अर्थ आहे. कारण मग फी खात्रीची होते. आणि लेबल अंगाशीही येतं. जर्मनीच्या डीडब्ल्यूएस या फंड कंपनीवर हरित दावे फुगवल्याचा आरोप 2021 मध्ये झाला, तेव्हा शेअर एका दिवसात दहा टक्क्यांहून जास्त कोसळला. 2023 मध्ये अमेरिकी नियामकाने 1.9 कोटी डॉलर दंड घेतला.

तेव्हा शेअरसाठी 6 नव्हे, हौसच असेल तर 1 लाख. 15 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, 8.2 टक्क्यांनी तिमाहीला साधारण 30 हजार. उरलेले 4 लाख साध्या ठेवीत. त्यातले 3 आधी विमा कंपनीकडून सोडवून आणायचे आहेत.