गोव्यात मुलीची कॉलेजच्या बास्केटबॉल संघात निवड झाली आहे, पुढे यात काही करिअर होतं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी एफ.वाय.ला आहे, उंची पाच फूट पाच इंच, दिवसरात्र अमेरिकेच्या बास्केटबॉलपटू केटलिन क्लार्कचे व्हिडिओ बघते, आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, 'खेळून काय मिळणार?' या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसले. हेच वाक्य मी तीन वर्षं रोज ऐकलंय.

करिअरचं आधी सांगून टाकते. खेळावर पोट भरायचं तर मुख्य रस्ता रेल्वेचा. गीतू ॲना जोस केरळात चंगनाशेरीच्या असम्प्शन कॉलेजकडून खेळायची. ती दक्षिण रेल्वेत लागली, ऑस्ट्रेलियात क्लबकडून खेळली आणि २०११ साली डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बायकांच्या व्यावसायिक लीगच्या, निवड चाचणीपर्यंत पोचली. उंची सहा फूट दोन इंच. २०२१ची पद्मश्री मिळालेली पी. अनिता, तीही दक्षिण रेल्वेचीच. त्या दारापर्यंत जायला राष्ट्रीय स्पर्धांमध्ये दिसावं लागतं. नुसतं कॉलेजच्या संघात असून कोणी विचारत नाही. आणि क्लार्कचं म्हणाल, तर आयोवा विद्यापीठाकडून चार वर्षांत तिने १३९ सामन्यांत ३९५१ गुण केले, मग २०२४ला डब्ल्यूएनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नव्या खेळाडू निवडतात तिथे, पहिली निवड तिची झाली. लोक ३९५१ बघतात. मला तो १३९ टोचतो. मी कॉलेजच्या तीन वर्षांत सामने खेळले मोजून सात. बाद पद्धतीची स्पर्धा, हरलात की वर्ष संपलं. सात सामन्यांत कोणती मुलगी तयार होणार?

मी साखळीची. कॉलेज म्हापशाला, बस डिचोली, अस्नोडा करत जायची. कोर्ट उघड्यावरचं, सिमेंटचं. जूनपासून त्यावर हिरवं शेवाळ धरायचं. आम्ही मुली ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासायचो आणि दुसऱ्या दिवशी पाऊस पुन्हा तेच करून ठेवायचा. फुटबॉलच्या मुलांचं चिखलात भागतं, आमचं नाही, कारण ओल्या सिमेंटवर नुसतं वळायला गेलं तरी गुडघा जातो. त्यामुळे स्पर्धा तोंडावर आली की प्रॅक्टिस जेमतेम दोन आठवड्यांची.

पण खरी गोष्ट चेंडूची. आमच्या कॉलेजात चार चेंडू होते, चारही सात नंबरचे. सात नंबर पुरुषांचा. बायकांचा सहा. तो घेराने लहान आणि वजनाला पन्नास-साठ ग्रॅम तरी हलका. अमेरिकेत कॉलेजच्या मुलींना हा लहान चेंडू १९८४-८५च्या हंगामापासून आहे. मी कॉलेजला गेले २००९ साली आणि असा चेंडू असतो हेच मला ठाऊक नव्हतं. मुलांचं खेळून झालं की त्यांचाच चेंडू आमच्याकडे यायचा. त्याच्यावर माझा हात बसला होता. छातीपासून दोन्ही हातांनी ढकलायचा, गुडघ्यातून जोर काढायचा. फ्री थ्रो, म्हणजे फाउल झाल्यावर कोणी न अडवता मिळणारे शॉट, दहातले सहा-सात पडायचे.

पहिला सामना पणजीला, इनडोअर. पहिल्यांदा लाकडी जमिनीवर उभी राहिले. दुसऱ्या क्वार्टरला मला फाउल मिळाला, पंचांनी चेंडू हातात दिला, आणि मला वाटलं यात हवा कमी आहे. दाबून पाहिला तर टणक होता. बोटं रोजच्यापेक्षा पुढे पोचत होती. नेहमीच्या जोराने टाकला. रिंगच्या मागच्या कडेवर आपटला आणि माझ्या डोक्यावरून थेट मागे गेला. दुसराही तसाच. त्या दिवशी मला सहा फ्री थ्रो मिळाले, एक पडला. आमच्या पाचही जणींचं तेच चाललं होतं. प्रत्येक शॉट लांब, पास दिला की समोरचीच्या हातून निसटणार. आम्ही एकमेकींकडे बघत होतो आणि काय चुकतंय ते कोणालाच कळत नव्हतं. ५१-१४ हरलो.

नळावर पाणी पिताना त्यांची कॅप्टन माझ्याजवळ आली. म्हणाली, 'तुम्ही सातने खेळता का गं?' मी कशी ढकलते त्यावरून तिने ओळखलं होतं. सात म्हणजे काय, हे मी तिला विचारलं. तिने चेंडू फिरवून हवा भरायच्या भोकाजवळचा आकडा दाखवला.

परत येऊन मी पी.ई.च्या सरांना सांगितलं. ते म्हणाले, 'चेंडू गोल असला म्हणजे झालं.' त्यांनी चेंडू घेतला नाही. शेवटी आम्ही आठ जणींनी वर्गणी काढून म्हापशातून एक घेतला. तो माझ्याकडे असायचा, रोज पिशवीत घालून बसने न्यायचे-आणायचे. एकदा आजारी पडून चार दिवस घरी होते, तेव्हा दादाने मित्रांबरोबर तोच चेंडू अंगणात फुटबॉल म्हणून लाथाडला. वरचे दाणे घासून गुळगुळीत झाले, ओल्या हातात धरवेना. मी रडले, तर म्हणाला, 'तू तरी त्याने काय दिवे लावणार होतीस?'

५१-१४ हा आकडा दादाने घरात जपून ठेवलाय. गणेशचवथीला सगळे जमले, गणपतीच्या वर फळा-पानांची माटोळी बांधून झाली, की कोणीतरी माझ्या खेळण्याचा विषय काढतं आणि दादा तो आकडा सांगतो. 'बसभाडं घालून हरायला गेली होती. शेवटी बीएस्सीच उपयोगी पडलं ना?' पडलं. मी आज औषधांच्या कारखान्यात क्यूसीला, म्हणजे दर्जा तपासणीला, आहे, पगार त्या डिग्रीचाच आहे, हे मी कधी नाकारलं नाही. पण मुली नाजूक म्हणून हरल्या, हे मी मानत नाही. ज्या मुलींना वर्षभर दुसऱ्याचा चेंडू दिला, त्यांची एका दुपारी परीक्षा घेतली आणि निकाल जन्मभरासाठी लावून टाकला. पुढच्या वर्षी, सहा नंबरवर प्रॅक्टिस करून, आम्ही दोन सामने जिंकलो. तो आकडा दादाला आठवत नाही. ३८-३१ आणि ४४-४०.

हेही कबूल करते की चेंडूमुळे कोणी सदतीस गुणांनी हरत नाही. त्या मुली आमच्यापेक्षा चांगल्या होत्या, शाळेपासून खेळत होत्या. आणि मी सांगतेय ते माझ्या वेळचं. तुमच्या मुलीच्या कॉलेजात कदाचित सगळं व्यवस्थित असेल.

पाच फूट पाच इंच उंची गार्डला, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारीला, चालते, त्याचा घोर लावून घेऊ नका. डिग्री पूर्ण करू द्या, त्यात तडजोड नको. पण 'अभ्यास की खेळ' असा पेच तिच्यापुढे आत्ताच टाकू नका. तिचे सामनेच इतके थोडे असणार आहेत की अभ्यास बुडेल एवढे दिवस त्यात जाणारच नाहीत. सामना असेल तेव्हा घरातलं एक माणूस तिथे जाऊन बसू दे. माझ्या सातही सामन्यांना घरचं कोणी आलं नव्हतं. निकाल तेवढा सगळ्यांना पाठ.

आणि या आठवड्यात तिला घ्यायला म्हणून कॉलेजात जा, कोर्टावरचा चेंडू हातात घ्या आणि भोकाजवळ काय लिहिलंय ते वाचा. सात असेल तर तिथूनच ऑफिसात जाऊन सहा नंबर मागा, तोंडी नको, अर्ज लिहून द्या आणि त्याची पोच घ्या.