वाचक विचारतात: मोठ्यांच्या भांडणात केळी कोणाची सडली?

प्रश्न: आमच्या पारावर रोज एकच वाद. पुतण्या म्हणतो अमेरिका-चीनच्या भांडणात लहान देशाने सरळ अमेरिकेचा हात धरावा, करार असला की चीनची हिंमत होत नाही. मी म्हणतो मोठ्याच्या दोस्तीत लहान्याचाच खिसा फाटतो. खरं काय?
– एक केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर: भाऊ, तुम्ही केळीवाले म्हणून केळीचंच सांगतो. फिलिपिन्सचा अमेरिकेशी संरक्षण करार 1951 पासूनचा, म्हणजे तुमच्या पुतण्याला पाहिजे तो कागद त्यांच्याकडे आधीपासून होताच. 2012 च्या एप्रिलमध्ये स्कारबरो म्हणून समुद्रातले खडक आहेत त्यावरून त्यांची आणि चीनची जहाजं समोरासमोर आली, गोळी एकही सुटली नाही, पण मे महिन्यात चीनच्या बंदरात फिलिपिन्सच्या केळीत एकदम कीड सापडायला लागली. तपासणी कडक, कंटेनर अडकले, माल जागेवर काळा पडला. घड कापला की घड्याळ सुरू होतं हे तुम्हाला काय सांगायचं, आपल्याकडे ट्रक दोन दिवस अडला तरी व्यापारी नवतीचा म्हणजे चांगला माल वापसीच्या म्हणजे नाकारलेल्या मालाच्या भावात मागतो, आणि तिकडचा मिंदानाओ बेटावरचा शेतकरी, त्याने तर तो खडक जन्मात पाहिला नसेल.

मग अमेरिकेने काय केलं? मध्ये पडून दोघांना जहाजं मागे घ्यायला लावायचा प्रयत्न केला, फिलिपिन्सची गेली, चीनचा ताबा आजही तिथे आहे. 2016 मध्ये हेगच्या लवादाने बराचसा निकाल फिलिपिन्सच्या बाजूने दिला तो चीन मानतच नाही. करारात लिहिलंय काय, तर सैन्यावर, सरकारी जहाजा-विमानांवर सशस्त्र हल्ला झाला तर. केळीत कीड निघाली हा हल्ला कुठे धरतात!

आणि चीन पण माल बघून हात घालतो बरं का. ऑस्ट्रेलियाने 2020 मध्ये कोरोना कुठून आला याची स्वतंत्र चौकशी मागितली, तर त्यांच्या जवावर 80.5 टक्के कर, वाइनवर पुढे 218 टक्क्यांपर्यंत. लोहखनिजाला मात्र शिवले नाहीत, कारण त्यावर चीनच्याच भट्ट्या चालतात. जव गोदामात टिकतो, दुसरं गिऱ्हाईक शोधता येतं, तो कर 2023 च्या ऑगस्टमध्ये उठला, वाइनवाले 2024 च्या मार्चपर्यंत लटकलेले. आणि ऑस्ट्रेलियाचा मोठा दोस्त अमेरिका? त्याने 2020 च्या जानेवारीतच चीनशी करार करून ठेवलेला, की दोन वर्षांत आमच्याकडून 200 अब्ज डॉलरचा जास्तीचा माल घ्या. (चीनने तेवढा घेतला नाही तो भाग वेगळा.)

पण काका, तुम्ही पण लगेच मिशीला पीळ देऊ नका. 2016 मध्ये फिलिपिन्समध्ये दुतेर्ते राष्ट्राध्यक्ष झाले, अमेरिकेला चार शिव्या घालून बीजिंगला जाऊन आले, केळीवरचे निर्बंध उठले. समुद्र काही परत मिळाला नाही, फिलिपिन्सच्या बोटींवर चीनचे पाण्याचे फवारे सुरूच आहेत, म्हणून 2023 मध्ये त्यांनी अमेरिकेला आणखी 4 तळ वापरायला दिले, आता 9 झाले. माझं मत विचाराल तर कोणाचा हात धरला याच्यापेक्षा माल एकाच दारात जातो का हे आधी बघावं. दोस्ती कुठलीही असो, ज्याचा सगळा माल एकाच गिऱ्हाईकाकडे जातो त्याला भाव पण गिऱ्हाईकच सांगणार आणि धोरण पण.

प्रश्न: एवढं सगळं शेतमालावरच का निघतं?
– चोपडा

उत्तर: नेहमी नाही. दक्षिण कोरियात 2016 मध्ये अमेरिकेची थाड क्षेपणास्त्ररोधक यंत्रणा सोंगजूला बसवायचं ठरलं, गाव पिवळ्या खरबुजांसाठी प्रसिद्ध, शेतकरी रस्त्यावर उतरले की रडारमुळे आमचं खरबूज कोण घेणार. मग जागा थोडी सरकवली, लोट्टे कंपनीच्या गोल्फ मैदानावर. ही यंत्रणा चीनला खुपत होती, त्या रागात 2017 मध्ये चीनमधली लोट्टेची दुकानं धडाधड बंद झाली. तिथे कीड सापडली नाही, आग विझवायची सोय अपुरी निघाली.