पायाला लावलेलं वजन रात्री काढून ठेवलं तर चालेल का?

प्रश्न: वडिलांचं मांडीचं हाड मधोमध मोडलंय. ऑपरेशन दोन दिवसांनी आहे, तोवर पायाला पट्ट्या गुंडाळून पलंगाच्या टोकाला वजन सोडलंय. मोडलेलं हाड असं ओढून अजून लांब नाही का जाणार? आणि रात्री त्यांना झोप येत नाही, तेवढ्यापुरतं वजन उचलून ठेवलं तर?

उत्तर: नका उचलू, प्लीज. हाड मोडलं की मांडीचे दणकट स्नायू आखडतात, तुटलेली टोकं एकमेकांवर चढतात, पाय आखूड होतो आणि ती टोकं आतल्या मांसात रुततात, म्हणून तर जरा हललं तरी कळ येते. ट्रॅक्शनचं, म्हणजे पाय ओढून धरायला लावलेलं हे वजन त्या स्नायूंना उलट बाजूला ओढून धरतं, त्याने हाड सरळ रेषेत राहतं आणि दुखणं कमी होतं. वजन काढलं की स्नायू परत आखडणार, म्हणजे झोप राहिली बाजूलाच.

मांडीच्या फ्रॅक्चरमध्ये आतल्या आत लिटरभर रक्त सहज जातं. पहिल्या महायुद्धात सुरुवातीला असे जखमी सैनिक फार मोठ्या संख्येने दगावायचे, पुढे पाय ओढून धरणारी थॉमस स्प्लिंट सर्रास वापरात आली आणि कितीतरी जीव वाचले. नंतरही बरीच वर्षं ट्रॅक्शन हाच पूर्ण इलाज होता, पेशंट दोन-तीन महिने पलंगावरच. आता ऑपरेशन करून हाडात रॉड टाकतात म्हणून तुमचं काम दोन दिवसांत भागतंय.

पट्ट्यांच्या ट्रॅक्शनला साधारण ५ किलोपर्यंतच वजन लावतात, जास्त लावलं तर कातडी सोलते. त्याहून जास्त वजन लागणार असेल तर हाडातून पिन घालून तिला वजन लावावं लागतं.

तुम्ही बघायचं ते हे की वजन हवेत मोकळं लटकतंय ना, जमिनीला किंवा पलंगाच्या दांडीला टेकलेलं नको. वडील खाली घसरत असतील तर नर्सला सांगून वर सरकवून घ्या, पलंगाची पायाकडची बाजू उंच केलेली असते ती त्यासाठीच. टाच रोज बघा, लाल दिसली तर सांगा. आणि पायाला मुंग्या आल्या, बोटं गार पडली किंवा पाऊल वर उचलता येईना तर सकाळची वाट बघू नका, रात्री दोन वाजले असले तरी डॉक्टरांना बोलवा, पट्टी घट्ट होऊन नस दबलेली असू शकते.

झोपेसाठी वेदनेचं औषध वाढवून मागा, किंवा नस बधिर करायचं इंजेक्शन देता येईल का ते विचारा. बिनधास्त विचारा.