प्रवाळातल्या शैवालांचं सनस्क्रीन: जनुकं सगळ्यांकडे का नाहीत?

तासगावच्या बीएस्सीच्या विद्यार्थिनीने विचारलंय: प्रवाळात राहणारी सहजीवी शैवालं ऊन अडवणारं रसायन बनवतात, मग काहींना ते का जमत नाही? सांगलीत बसून समुद्राचा असा प्रश्न पडला, याचा फार आनंद झाला.

ही रसायनं म्हणजे मायकोस्पोरिनसारखी अमिनो आम्लं, शिनोरिन हे त्यातलं एक. साधारण ३१० ते ३६० नॅनोमीटरचे अतिनील किरण शोषून ती त्यांची उष्णता करून टाकतात. प्रकाशसंश्लेषणाला लागणारा उजेड मात्र अडवत नाहीत.

२०१० मध्ये बाल्स्कस आणि वॉल्श या संशोधकांनी अॅनाबिना या सायनोबॅक्टेरियात (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूत) शिनोरिन बनवणारी चार जनुकं शोधली, चारही एकाला लागून एक. पुढे २०१८ मध्ये सिम्बायोडिनियम, म्हणजे प्रवाळातल्या याच शैवालांच्या जीनोममध्ये (सगळ्या जनुकांच्या संचात) तसाच जनुकांचा पुंजका सापडला: शैवालांच्या ए आणि सी या शाखांत आहे, बी शाखेत नाही. आता वंशवृक्ष बघा. सी आणि बी एकमेकांच्या जवळचे, ए लांबचा. म्हणजे ए आणि सीला ती वेगवेगळी मिळाली असं मानण्यापेक्षा, सगळ्यांच्या पूर्वजाकडे होती आणि बीने गमावली, हे जास्त सरळ. हे कुटुंब ज्युरासिक काळापासून फांद्या फोडतंय, तेव्हा गळतीला वेळ भरपूर होता.

गमावूनही बी जगला कसा? माझ्या मते उत्तर यजमानात, म्हणजे शैवाल ज्यात राहतं त्या प्रवाळात आहे. २०११ मध्ये अॅक्रोपोरा डिजिटिफेरा या प्रवाळाचा जीनोम वाचला गेला, तेव्हा हेच काम करणारी जनुकं खुद्द प्रवाळात निघाली. सावली धरणारं घर मिळालं की स्वतःची छत्री सांभाळायचा दबाव कमी होतो. म्हणून प्रवाळाच्या ऊतीत शिनोरिन दिसलं की श्रेय लगेच शैवालाला देऊ नका. प्रकल्पात ही चूक हमखास होते.

प्रात्यक्षिक करायचंय तर प्रवाळाला हात लावू नका, वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. कासच्या सड्यावरूनही काही उचलू नका. पावसाळ्यात कॉलेजच्या आवारात ओल्या जमिनीवर नॉस्टॉक या सायनोबॅक्टेरियाचे जेलीसारखे गोळे येतात, ते घ्या. २० टक्के मिथेनॉलमध्ये ४५ अंशांवर दोन तास ठेवा, गाळा, आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (प्रकाशाचं शोषण मोजणाऱ्या यंत्रावर) २८० ते ४०० नॅनोमीटर स्कॅन करा. क्युव्हेट, म्हणजे नमुना ठेवायची छोटी कुपी, क्वार्ट्झचीच हवी, साधी काच अतिनील किरण स्वतःच खाते. ३१० ते ३३५ च्या दरम्यान शोषणाचं शिखर आलं तर आलेख इथे टाका, पुढचं वाचन सुचवतो.