घरची बोली आणि शाळेतली इंग्रजी

प्रश्न : ओहायो राज्यात मुलीकडे गेलो असताना होम्स काउंटी या ग्रामीण भागात आमिश (आधुनिक सोयींपासून दूर, साधेपणाने राहणारा ख्रिस्ती पंथ) मुले आपसांत इंग्रजी बोलत नसल्याचे पाहिले. अमेरिकेत जन्मूनही त्यांना इंग्रजी येत नाही का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : येते, पण ती त्यांची पहिली भाषा नव्हे. आमिश कुटुंबांत घरी ‘पेन्सिल्व्हेनिया डच’ बोलली जाते; नावात ‘डच’ असले तरी ती नेदरलँड्सची नव्हे, तर अठराव्या शतकात नैर्ऋत्य जर्मन भाषक प्रदेशातून आलेल्यांची बोली आहे. प्रार्थनेत जर्मन धर्मसुधारक लुथरच्या बायबलची जर्मन असते, आणि इंग्रजी मुख्यतः शाळेत शिकली जाते. त्यामुळे शाळेत पाऊल टाकणाऱ्या मुलाची इंग्रजी तोकडी असते, तर आठवीपर्यंत शिकलेला सुतार बाहेरच्या गिऱ्हाइकाशी सहज व्यवहार करतो.

इंग्रजी कितपत येते याचे सरकारी आकडे कसे निघतात, तेही पाहू. अमेरिकेची जनगणना संस्था नमुना सर्वेक्षणासाठी निवडलेल्या घरांतील पाच वर्षे व त्यावरील प्रत्येकाविषयी, घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलली जात असेल तर ती कोणती आणि त्या व्यक्तीला इंग्रजी ‘खूप चांगली’, ‘चांगली’, ‘फारशी नाही’ की ‘मुळीच नाही’ येते, असे विचारते. परीक्षा घेतली जात नाही. कुटुंबातील एखादी व्यक्तीच सर्वांची उत्तरे देते, आणि ‘चांगली’ असे नम्रपणे सांगणाराही मर्यादित इंग्रजी येणाऱ्यांत मोजला जातो. म्हणून असे आकडे वाचताना वयोगट अवश्य पाहावा, कारण लहानग्यांची घरची बोली ही उणीव मानणे मला अन्यायाचे वाटते.