अमेरिकेतून येणाऱ्याकडून ॲमेझॉनचा फायर टॅब मागवावा का?

तुम्ही लिहिलंय की दीर डिसेंबरात अमेरिकेहून येतायत, फायर एचडी ८ सेलमध्ये निम्म्या किमतीत दिसतोय आणि साताऱ्याला सासूबाईंसाठी तो मागवायचाय. माझं सरळ उत्तर, नका मागवू. आणि हे सांगणाऱ्याच्या घरात (आम्ही न्यू जर्सीत) हेच दोन टॅब आहेत आणि दोन्ही रोज वापरात आहेत बरं का!

तो इतका स्वस्त का ते आधी बघा. २०१२ मध्ये ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस स्वतःच बोलले होते की आम्हाला टॅब विकून नाही, लोक तो वापरतील तेव्हा पैसे कमवायचेत. म्हणजे दुकानदाराने आपला गल्ला तुमच्या हॉलमध्ये आणून ठेवल्यासारखं आहे. लॉकस्क्रीनवर जाहिराती, त्या नको असतील तर वरून पैसे भरा, आणि आत शिरलात की त्यांचीच पुस्तकं त्यांचेच सिनेमे. आमची आई इथे आलेली तेव्हा सकाळी उठून आधी तो टॅब उचलायची, आज कुठल्या पुस्तकाचं चित्र आलंय बघायला, अनलॉक कधी केलाच नाही तिने.

खरी अडचण वेगळीच आहे. आतून अँड्रॉइड असला तरी गूगल प्ले स्टोअर नाही, त्यामुळे आपली नेहमीची बरीच ॲप्स टाकायची म्हणजे खटपट. चार एपीके (म्हणजे ॲप हाताने टाकायच्या) फाइल्स शोधून एकामागून एक ठरलेल्या क्रमाने टाकल्या की प्ले स्टोअर येतं, मी एका रविवारी केलंय, चहा दोनदा गार झाला पण जमलं. पण उद्या साताऱ्यात काही अडलं तर सासूबाईंना फोनवरून कोण समजावणार? बँकेची, यूपीआयची ॲप्स तर त्याच्यावर धरूच नका. सिमची सोय नाही, फक्त वायफाय. आणि दिरांच्या अमेरिकन अकाउंटवर चालू केलात तर तुम्ही ॲमेझॉन डॉट इनवर घेतलेली मराठी पुस्तकं त्यात दिसणारच नाहीत.

इथे राहणाऱ्या, घरात लहान पोर असलेल्या माणसाने विचारलं असतं तर मी डोळे झाकून घे म्हटलं असतं. धाकट्याकडे किड्सवाला आहे, जाडजूड फोमचं कव्हर, दोन वर्षांत फुटला तर बदलून देतात. दोनदा जिन्यावरून गडगडत खाली गेला, ओरखडा नाही. लांबच्या ड्राइव्हला कार्टून डाउनलोड करून मागे दिला की चार तास शांतता.

दुकानाचाच स्वस्त टॅब हवा असेल तर वॉलमार्टचा ‘ऑन’ (Onn) नावाचा टॅब निदान गूगल प्ले स्टोअरसकट येतो, पण मग तो तरी तिकडून कशाला वाहून आणायचा, साताऱ्यातच सिमवाला सॅमसंग किंवा लेनोवो बघा. थोडे जास्त जातील, पण बिघडला तर दुरुस्तीला कोणाच्या विमानाची वाट बघायला नको.